सोंग वठले

'सोंग' या शब्दाला आपण अलीकडे फार हलके करून टाकले आहे. शाळा चुकविण्यासाठी एखादा मुलगा पोट धरून अंथरुणावर पडला, की "सोंग करतोय मेला" असे आई म्हणते. हात आखडलेला माणूस "सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही" असे म्हणून सुटका करून घेतो. सोंग म्हणजे लबाडी, एवढाच अर्थ आता उरल्यासारखा झाला आहे. माझ्या बालपणी मात्र "आज रात्री सोंगे आहेत" ही वार्ता गावात पसरली, की आम्हां मुलांचे जेवणात लक्ष लागत नसे. भाकरीचा शेवटचा तुकडा हातात घेऊनच आम्ही मारुतीच्या पाराकडे धूम ठोकीत असू.

माझे गाव अहमदपूर तालुक्यातले. त्या वेळी हा तालुका उस्मानाबाद जिल्ह्यात होता. लातूर जिल्हा पुढे १९८२ साली निर्माण झाला. गावात दरवर्षी हरिनाम सप्ताह होई. सात दिवस पारायण, प्रवचन, कीर्तन चाले, आणि शेवटच्या रात्रींपैकी एक रात्र भारुडांची असे. रंगमंच नाही, पडदा नाही. एका बाजूला पुरुष, एका बाजूला स्त्रिया बसत आणि मधोमध हात-दोन हातांची वाट मोकळी ठेवलेली असे. झाडाच्या फांदीला गॅसबत्ती टांगलेली. पखवाजावर थाप पडे, टाळ वाजू लागत, आणि पाठीमागच्या अंधारातून, आमच्या अंगाला अंग घासत, सोंग त्या वाटेने पुढे येई. ते येताना दिसण्याआधी घुंगरांचा आवाज येई. तो ऐकून लहान मुले आईच्या पदरात शिरत आणि मग एका डोळ्याने बाहेर पाहत.

या सोंगांचे जनक संत एकनाथ. त्यांचे पैठण आपल्या मराठवाड्यातलेच. सोळाव्या शतकात नाथांनी सुमारे तीनशे भारुडे रचली. वासुदेव, जोशी, गोंधळी, वाघ्या, मुरळी, फकीर, आंधळा, बहिरा, वेडी, विंचू चावलेला माणूस, सासुरवाशीण अशी गावरस्त्यावर भेटणारी माणसे त्यांनी उचलली आणि त्यांच्या तोंडून परमार्थ सांगितला. जो शेतकरी दिवसभर नांगर धरून थकला आहे, त्याला वेदान्ताची पोथी कोण वाचून दाखविणार? पण विंचू चावल्यावर माणूस कसा नाचतो, हे त्याला ठाऊक असते. त्या नाचण्याला तो पोट धरून हसतो, आणि हसता हसता हा विंचू म्हणजे आपल्याच मनातला काम-क्रोध आहे, हे त्याच्या कानांवर पडते. हसविणे आणि अंतर्मुख करणे ही दोन्ही कामे नाथांनी एकाच पात्राकडे सोपविली.

आमच्या भागात ही सोंगे घेण्यात एका गृहस्थांचा हात धरणारा कोणी नव्हता. सारे त्यांना 'अण्णा' म्हणत. ते कोरडवाहू शेतकरी होते. अक्षरओळख बेताची, पण नाथांची पाऊणशे भारुडे त्यांना मुखोद्गत होती. त्यांची सासुरवाशीण पाहण्यासाठी दहा-दहा कोसांवरून बैलगाड्या येत. या भारुडातली सून भवानीआईला साकडे घालते, की माझा सासरा, माझी सासू, माझी जाऊ, माझी नणंद या साऱ्यांना तू घेऊन जा आणि मला एकटीला राहू दे. सासऱ्याचे नाव निघाले, की पुरुषांत हशा पिके. सासूचे नाव निघाले, की स्त्रियांत त्याहून मोठा हशा पिके. शेवटी मात्र अण्णा आवाज खाली आणीत. ही सारी नातीगोती म्हणजे जिवाला बिलगलेले विकार आहेत, आणि 'एकटी' म्हणजे मोकळा झालेला जीव, हा उलगडा होई. त्या वेळी पारावर टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

गंमत अशी, की अण्णांना झुपकेदार मिशा होत्या. त्यांचे वडील हयात होते, आणि वडील हयात असता मुलाने मिशी काढावयाची नाही, हा आमच्याकडचा रिवाज. मग स्त्रीचे सोंग घ्यावयाचे कसे? अण्णा लुगड्याचा पदर डोक्यावरून घेत आणि त्याचा काठ डाव्या हाताने ओठांपाशी धरून ठेवीत. मिशी झाकली जाई. पण तेवढ्यानेच काम भागत नव्हते. पुढे मोठेपणी मी त्यांना या कलेविषयी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "गुरुजी, लुगडं कुणीबी नेसतंय. बाई चालण्यात असती." त्यांच्या गुरूंनी त्यांना पहिले सहा महिने एकही पद शिकविले नव्हते. डोक्यावर भरलेली घागर देऊन आडापासून घरापर्यंत चालावयाला लावले होते. त्यानंतर आठवडी बाजारात, एसटीच्या थांब्यावर बसून नुसते पाहावयाचे. माहेरी निघालेली बाई आणि माहेराहून परत सासरी निघालेली बाई, दोघींच्या हातांत तेच गाठोडे असते. पण दोघी सारख्या चालत नाहीत, हे अण्णांनीच मला प्रथम दाखविले. वाघ्याचे सोंग नीट यावे म्हणून ते लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला जात. बैलबाजार, घोडेबाजार, तमाशाचे फड हे सारे सोडून ते दिवसभर वाघ्या-मुरळींच्या जवळ बसून असत. तेथून परतताना घरच्यांसाठी रेवड्यांखेरीज काही आणीत नसत. पण पुढल्या सप्ताहात त्यांच्या वाघ्याच्या खांद्यांत काहीतरी नवे दिसे.

अण्णांनी नाटक कंपनी कधी पाहिली नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, आणि मराठी संगीत नाटकाचे मोठे वैभव पुण्या-मुंबईकडे नांदत होते. तरीही ते करीत होते त्याच विद्येची एक थोर परंपरा तिकडे चालत आली होती. १८८२ साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत सौभद्र' रंगभूमीवर आले. अर्जुन संन्याशाचे सोंग घेऊन द्वारकेत राहतो आणि सुभद्रेला मिळवितो, अशी त्याची कथा. त्या नाटकातील सुभद्रेच्या भूमिकेत भाऊराव कोल्हटकर गाजले. स्त्रियांनी रंगभूमीवर येणे त्या काळी समाजाला मान्य नव्हते, म्हणून नायिकेची भूमिकाही पुरुषच करीत.

या परंपरेचा कळस म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व. त्यांचा जन्म १८८८ सालचा. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि मिरजेला शकुंतला होऊन प्रथम उभे राहिले. 'मानापमाना'तील भामिनी, 'स्वयंवरा'तील रुक्मिणी अशा त्यांच्या भूमिकांनी महाराष्ट्र वेडा झाला. चांगल्या घरच्या स्त्रिया त्यांच्यासारखे पातळ नेसू लागल्या, त्यांच्यासारखी फुले माळू लागल्या. पुरुषाने स्त्रीकडे पाहून स्त्री व्हावे आणि मग स्त्रियांनी त्या पुरुषाकडे पाहून नटावे, असा उलटा व्यवहार जगात क्वचितच झाला असेल! १९११ साली 'मानापमाना'च्या पहिल्याच प्रयोगाच्या दिवशी त्यांची मुलगी वारली. प्रयोग रद्द करावा असे सर्वांना वाटले. पण बालगंधर्व रंग लावून उभे राहिले आणि हसरी, मानी भामिनी त्यांनी रंगविली. मला स्वतःला मात्र त्यांची 'एकच प्याला'तील सिंधू अधिक मोठी वाटते. मी ती पाहिलेली नाही. ज्यांनी पाहिली त्यांच्याकडून ऐकलेली आहे. भरजरी शालूंत वावरणारा हा नट दारुड्याच्या बायकोचे जुनेर नेसून, दळणकांडण करून पोट भरणारी सिंधू झाला. शालूत सुंदर दिसणे त्यामानाने सोपे असते.

हळूहळू स्त्रिया स्वतः रंगभूमीवर आल्या. हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिका उभ्या राहिल्या. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. ते योग्यच झाले. ज्यांची सुखदुःखे, त्यांनाच ती सांगण्याचा पहिला अधिकार. आपल्याकडील स्त्रीभूमिकेची ती परंपरा मात्र त्यानंतर ओसरत गेली.

जपानमध्ये ती ओसरली नाही. तेथे 'काबुकी' नावाचा नाट्यप्रकार चारशे वर्षांहून अधिक काळ चालत आला आहे, आणि नवल असे, की त्याची सुरुवात एका स्त्रीने केली. १६०३ साली क्योतो नगरात ओकुनी नावाच्या नर्तकीने आपल्या मंडळींसह नाच केला, तो काबुकीचा आरंभ मानतात. पुढे १६२९ साली सरकारने स्त्रियांना रंगभूमीवर बंदी केली. १६५२ साली किशोरवयीन मुलांनाही केली. तेव्हा वयस्क पुरुषांनीच सारी पात्रे रंगवावयाची पद्धत पडली. स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाला तेथे 'ओन्नागाता' म्हणतात. योशिझावा आयामे नावाचा एक थोर ओन्नागाता सुमारे तीनशे वर्षांपूर्वी होऊन गेला. रोजच्या जगण्यातही स्त्रीसारखे वागल्याखेरीज रंगभूमीवर स्त्री होता येणार नाही, असे त्याचे सांगणे होते. आडावरून घागर वाहून आणणाऱ्या आमच्या अण्णांना हे लगेच पटले असते. आजच्या काळातील विख्यात ओन्नागाता बांदो तामासाबुरो यांचा जन्म १९५० सालचा. लहानपणी पोलिओने त्यांचे पाय अधू झाले होते. पायांत बळ यावे म्हणून त्यांना नृत्य शिकविले, आणि त्या नृत्यानेच त्यांना रंगभूमीवर आणले. ते नटाच्या घराण्यात जन्मलेले नाहीत. दत्तक जाऊन त्या नावाचे धनी झाले. २०१२ साली जपान सरकारने त्यांना 'राष्ट्राचा जिवंत ठेवा' म्हणून गौरविले.

तेथे नटाचे नाव हे एखाद्या वतनासारखे चालते. इचिकावा दान्जूरो हे नाव सतराव्या शतकापासून चालत आलेले आहे. २०२२ साली तेरावे दान्जूरो त्या नावावर बसले. या घराण्याचे एक अभिमानाचे नाटक आहे, 'कान्जिन्चो'. सातव्या दान्जूरोने ते १८४० साली प्रथम केले. माझ्या नातीने मला त्याचे चित्रण संगणकावर दाखविले. भाषा एक अक्षर कळत नव्हती. पण कथा आधी वाचून घेतली होती, त्यामुळे अडले नाही. ती तुम्हालाही सांगतो.

योशित्सुने नावाच्या शूर सरदारावर त्याच्या भावाचाच रोष झालेला आहे. जीव वाचविण्यासाठी तो मोजक्या सोबत्यांसह बैराग्यांच्या वेषात पळून चालला आहे. त्याचा एकनिष्ठ सेवक बेन्केई हा त्या बैराग्यांचा म्होरक्या बनला आहे, आणि स्वतः योशित्सुने ओझेवाला हमाल. अताका येथील नाक्यावर तोगाशी नावाचा अधिकारी त्यांना अडवितो. बेन्केई सांगतो, "आम्ही मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी वर्गणी गोळा करीत हिंडतो." तोगाशी म्हणतो, "मग तुमच्याजवळ वर्गणीचे आवाहनपत्र असेल. वाचून दाखवा." असे पत्र त्यांच्यापाशी कोठून असणार? बेन्केई एक कोरी गुंडाळी काढतो, डोळ्यांसमोर धरतो आणि गंभीर स्वरात, एकदाही न अडखळता, ती कोरी गुंडाळी वाचू लागतो! तोगाशी डोकावण्याचा प्रयत्न करतो; बेन्केई गुंडाळी झटकन छातीशी धरतो. त्या क्षणी दोघेही एका आविर्भावात थिजल्यासारखे उभे राहतात, लाकडी पट्ट्या फरशीवर कडाडतात, आणि प्रेक्षकांतील जाणते लोक नटाच्या घराण्याचे नाव मोठ्याने पुकारतात. आपल्याकडे 'वन्स मोअर' देत, तसाच हा रसिकांचा अधिकार.

एवढ्यावर निभावले असते. पण त्या हमालाचा चेहरा योशित्सुनेसारखा आहे, असे एक शिपाई म्हणतो. आता काय करावे? बेन्केई काठी उचलतो आणि 'तुझ्यामुळे आम्हांला उशीर होतो' असे म्हणून आपल्या धन्याला बडवून काढतो. त्या काळी सेवकाने धन्यावर हात उगारणे हे महापाप. तोगाशी सारे उमगतो. समोर कोण आहे, हे त्याला कळून चुकलेले असते. पण ज्याला आपल्या धन्याला वाचविण्यासाठी धन्यालाच मारावे लागले, त्या सेवकाच्या काळजात काय चालले असेल, हेही त्याला कळते. आणि तो त्यांना जाऊ देतो. नाका ओलांडल्यावर हा पहाडासारखा बेन्केई रडतो. योशित्सुनेची भूमिका कित्येकदा ओन्नागाता नटाकडे देतात. तो काही फारसे बोलत नाही, केवळ सेवकाकडे हात पुढे करतो. शेवटी बेन्केई प्रेक्षकांमधून जाणाऱ्या उंच वाटेवरून, एका पायावर झेपा घेत निघून जातो. त्या वाटेला जपानी भाषेत 'हानामिची' म्हणजे फुलवाट म्हणतात. ती पाहिली आणि मला आमच्या पारावरची ती हात-दोन हातांची वाट आठवली. माणसांच्या अंगाला लागून पात्र यावे-जावे, ही युक्ती दोघांनाही कोणी कोणाला न सांगता सुचली होती.

आता एक हकिगत सांगतो. १९९५ सालच्या सुमारास मी लोहा तालुक्यातील एका शाळेत मराठी शिकवीत होतो. स्नेहसंमेलनात नाथांचे भारूड बसवावे असे ठरले. मुलींना रंगमंचावर पाठविण्यास गावातले पालक राजी नव्हते. मी अण्णांना बोलावून घेतले. साठी ओलांडलेले अण्णा पंधरा दिवस रोज सायंकाळी येत आणि मुलांना तालीम देत. सातवीतील एका मुलाला त्यांनी सासुरवाशिणीसाठी निवडले. मुलगा अबोल, अंगाने किडकिडीत. पण त्याची नजर तेज होती. संमेलनाच्या रात्री त्याने कमाल केली. हशा जेथे पिकावयाचा तेथे पिकला, आणि शेवटी पाठीमागे बसलेल्या आयाबायांनी डोळ्यांना पदर लावले.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेलो, तो फळ्यावर त्या मुलाचे नाव लिहिलेले, आणि त्याला स्त्रीलिंगी प्रत्यय जोडलेला. व्याकरण बरोबर होते, एवढेच त्याविषयी म्हणता येईल. पुढे दारात, रस्त्यावर, पाणवठ्यावर तोच प्रकार. मुलगा शाळेत येईनासा झाला. वडिलांनीही त्याला बजावले, "पुन्हा असली थेरं केलीस तर पाय मोडीन." मी घरी जाऊन आलो, वर्गाला रागावलो; उपयोग झाला नाही. रागावल्याने हसणे बंद होत नाही, ते दाबून धरले जाते इतकेच.

चौथ्या दिवशी अण्णा आले. त्यांच्या कानांवर गेले होते. "गुरुजी, पोरांपुढं जरा हुभा राहू का?" एवढेच त्यांनी विचारले. अंगात सदरा, दुटांगी धोतर, खांद्यावर उपरणे, आणि त्या मिशा, आता पांढऱ्या झालेल्या. मुले त्यांना पाहून खुदखुदू लागली. अण्णा काही बोलले नाहीत. व्हरांड्यातल्या पाण्याच्या मांडणीवरची कळशी त्यांनी उचलली, उपरणे डोक्यावरून घेतले, त्याचा काठ डाव्या हाताने ओठांपाशी धरला, आणि दारापासून माझ्या टेबलापर्यंत चालत आले. दहा पावले असतील. मध्ये एकदा थांबून त्यांनी पायातला काटा काढला. काढताना कळशीतले पाणी हिंदकळू नये म्हणून मान ताठ ठेवली. टेबलाशी आल्यावर कळशी उतरवून क्षणभर कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

वर्गात कोणी हसले नाही. अण्णांनी उपरणे पुन्हा खांद्यावर टाकले आणि विचारले, "पोरांनो, ही कोण व्हती?"

बराच वेळ कोणी बोलेना. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. फळ्यावरचे अक्षर त्याचे होते, हे मला ठाऊक होते. तो खाली पाहत म्हणाला, "माझी माय. टँकर लांब थांबला की अशीच येती."

अण्णा म्हणाले, "मंग तिचं सोंग घेतलं तर हसायचं काय रं त्याच्यात?" आणि कळशी जागेवर ठेवून निघून गेले. त्याच सायंकाळी तो मागच्या बाकावरचा मुलगा आणि आणखी दोघे त्याच्या घरी गेले. तेथे काय बोलणे झाले, ते त्यांनी मला सांगितले नाही, मीही विचारले नाही. सोमवारी मुलगा शाळेत आला.

अण्णा आता नाहीत. त्यांच्या मागे त्यांच्या घरात कोणी सोंगे घेत नाही. हल्ली सप्ताहात मोठमोठे ध्वनिक्षेपक लागतात, रोषणाई होते. भारुडाची रात्र काही गावांतून गळूनच गेली आहे. तो मुलगा आज चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. लातुरात एका डाळमिलमध्ये हिशेब लिहितो. सप्ताहाचे दिवस आले, की रजा काढून गावोगाव जातो. अण्णांची पत्र्याची पेटी त्यांच्या घरच्यांनी त्याला दिली. तीत घुंगरांच्या दोन माळा, एक हिरवे इरकली लुगडे आणि काजळाची डबी निघाली. गेल्या वर्षी अहमदपूरजवळच्या एका गावी मी त्याची सासुरवाशीण पाहिली. तो मिशी ठेवीत नाही. झाकण्यासारखे त्याच्या ओठांवर काही नाही. पण पदराचा काठ मात्र तो डाव्या हाताने ओठांपाशीच धरतो.